शिवेवरचा गाडा

"देवानं केलं म्हणायचं का न्हाई म्हणायचं, एवढं एकच सांगा बाबा. पुढचं आमी बघतो."

रावजी पाटील उभ्यानंच बोलत होते. जांभळीचे हे पाटील एरवी मठात आले की आधी पाणी पीत, मग पाऊसपाण्याचं काढत, मग हळूच कामाकडे वळत. आज पायातल्या वहाणाही काढायच्या राहिल्या होत्या.

केवळगिरीबाबा ओट्यावर सुपात डाळ घेऊन खडे वेचत बसले होते. त्यांनी एक खडा उचलून बाजूला ठेवला.

"काय केलं म्हणायचं?"

"ही पटकी. माणसं पटापटा जात्यात. हे वाईट देवानं केलंय का दुसऱ्या कुणी?"

"हे आजच का विचारतोस?"

पाटलांनी मठाच्या दाराबाहेर बोट दाखवलं. बाहेर लिंबाखाली गाडा उभा होता.

त्या मुलखात साथ आली की गाडा निघे. सुतार हातानं ओढायचा लाकडी गाडा करी. त्यात लाकडाचीच मरीआई बसवत. तिला हिरवं लुगडं, बांगड्या, पुढ्यात दहीभात आणि लिंबू, कडेला पाय बांधलेली कोंबडी. वाजतगाजत गाडा शिवेवर न्यायचा, पलीकडच्या गावाच्या हद्दीत ढकलायचा आणि मागे न बघता घरी यायचं.

पलीकडच्या गावानं चाकांवर पाणी घातलं की गाडा त्यांचा. मग त्यांनी आपल्या घरातली ईडापीडा त्यात भरायची आणि पुढच्या शिवेवर न्यायचा.

असा तो गावोगाव जाई. शेवटी कुठे जात असेल, हे कुणी विचारल्याचं ऐकिवात नाही. आपल्या वेशीतून गेला की लोक सुटकेचा श्वास टाकत. माणसाची चौकशी बहुतेक वेळा आपल्या वेशीपर्यंतच असते.

या खेपेला गाडा उंबरवाडीनं ढकलला होता. आता पाळी जांभळीची. पण जांभळी कड्यावरचं गाव. तिच्यापुढे गाव नाही, नुसती दरी.

"आमी कुटं ढकलायचा?" पाटील म्हणाले. "आमच्याकडं आला म्हंजे आमच्याकडंच ऱ्हायला. देवीचा असंल तर परतवता येत न्हाई. पाप लागतं. देवाचा नसंल, कुणी भुताखेताचं काळं केलं असंल, तर काठ्या लावून माघारी धाडतो. पोरं तयार हायती. बाबा, तुमी म्हणाल तसं."

"आणि मी काहीच म्हणालो नाही तर?"

"दिवस मावळंस्तवर चाकावर पाणी पडलं न्हाई तर दोन्ही गावांना भोवतंय. तुमाला काय सांगायचं."

बाबांना खरोखरच सांगायची गरज नव्हती. मठ नेमका दोन्ही गावांच्या शिवेवर होता. दारापुढचा अर्धा लिंब उंबरवाडीचा आणि अर्धा जांभळीचा असं लोक थट्टेनं म्हणत. लिंबोळ्या मात्र दोन्हीकडची पोरं सारख्याच हक्कानं नेत.

बाबांनी आणखी एक खडा वेचला.

उत्तर आतल्या खोलीतून आलं.

"देवानं केलेलं नाही."

हरिहर बाहेर आला. हा बाबांचा शिष्य. काशीला न्यायशास्त्र शिकलेला. मठात येऊन त्याला वर्ष होत आलं होतं, आणि तेवढ्यात त्यानं मठाची पायरी चढलेल्या प्रत्येकाला वादात हरवलं होतं. दूध घालायला येणाऱ्या गवळ्यालासुद्धा.

पण आज त्याच्या बोलण्यात घाई होती. त्याची थोरली बहीण, सगुणा, जांभळीत दिलेली होती. आई गेल्यावर तिनंच त्याला वाढवलं. तिच्या पदरी इतक्या वर्षांनी मूल आलं होतं आणि त्याचं बारसंही व्हायचं होतं. गाडा शिवेवर आल्याचं सकाळी कळलं, तेव्हापासून हरिहरानं तोंडात पाण्याचा थेंब घेतला नव्हता.

"पाटील, नीट ऐका," तो म्हणाला. "अंधार कुणी केलेला असतो का? नाही. उजेड नसला की त्याला आपण अंधार म्हणतो. वाईटाचंही तसंच. ती वस्तूच नव्हे. चांगल्याचा अभाव, एवढाच तिचा अर्थ. जी वस्तूच नाही, तिला कर्ता कुठला? देवानं ती केलेली नाही. तेव्हा हा गाडा देवाचा नाही. खुशाल परतवा."

पाटलांना त्यातलं शेवटचं वाक्य तेवढं समजलं. तेवढंच त्यांना हवं होतं.

"ऐकलं न्हवं बाबा? शास्त्रीबुवा सांगत्यात."

बाबांनी सूप खाली ठेवलं.

"हरिहरा, आषाढात तुला विंचू चावला होता."

"हो."

"तो कशाचा अभाव होता?"

त्या वेळी हरिहरानं सगळा मठ डोक्यावर घेतला होता, आणि त्याची बोंब दोन्ही गावांत ऐकू गेली होती. पाटलांनी मिशीवरून हात फिरवला आणि दुसरीकडे बघितलं.

तेवढ्यात दारातून आवाज आला.

"म्हंजे देवीचाच हाय."

उंबरवाडीचा सटवाजी गुरव. देवीच्या देवळाची झाडलोट आणि पूजा त्याच्याकडे. गाडा ढकलून त्याची माणसं शिवेवरच्या ओढ्याच्या पलीकडे काठ्या घेऊन उभी होती. गाडा परत येऊ नये म्हणून. आणि हा म्हातारा इकडचा कौल काय पडतो ते ऐकायला आला होता.

"सटवाजी, आत ये," बाबा म्हणाले.

"हितंच बरा हाय." तो उंबऱ्याबाहेरच उभा राहिला. "बाबा, जगात जे हाय ते समदं त्याचंच. रोग बी त्याचाच, औषध बी त्याचंच. देवीचा गाडा माघारी धाडायचा नसतो. ह्यांनी पाणी घालावं आनि गपगुमान न्यावा."

"तुझ्या बापाचं राज्य हाय व्हय?" पाटील गरजले.

"आमच्या गावात चुली इझल्यात पाटील. राज्य कशाचं काढताय?"

दोघंही एकदम बोलायला लागले. बाबांनी त्यांना बोलू दिलं. दम लागल्यावर दोघं थांबले.

"मागल्या साथीला गाडा कुठून निघाला होता रे?" बाबांनी विचारलं. त्यांना खरंच आठवत नसावं, अशा सुरात.

दोघांनीही गाड्याकडे बघितलं.

"रावजी?"

"जांभळीतनं."

"आणि कुठं ढकललात?"

"उंबरवाडीत."

"तेव्हा तू काय म्हणाला होतास?"

पाटलांची नजर खाली गेली. पायातल्या वहाणा त्यांना तेव्हा दिसल्या. त्यांनी त्या काढल्या आणि उंबऱ्याबाहेर ठेवल्या.

"देवीचा गाडा हाय म्हणालो. परतवाल तर पाप लागंल म्हणालो."

"आणि सटवाजी, तू?"

सटवाजी काठीनं मातीत रेघ ओढत होता.

"भुताटकी हाय म्हणालो. देव असलं काम करत न्हाई म्हणालो."

आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं ही म्हण लोक लेकरांपुरती वापरतात. ती देवालाही लागू आहे.

हरिहर मात्र हसला. अडाण्यांची ही गंमत त्याला आवडली. बाबांनी तोंड त्याच्याकडे वळवलं.

"आणि विष्णुबुवांना तू काय म्हणाला होतास?"

हसणं तिथंच राहिलं.

विष्णुबुवा कीर्तनकार होते, वयानं थकलेले. गेल्या पंधरवड्यात मुक्कामाला आले होते. देव फक्त चांगलंच करतो, असं ते बोलता बोलता म्हणाले. हरिहरानं त्यांना तिथल्या तिथे धरलं. देव फक्त चांगलं करतो, तर वाईट कोण करतो? दुसरा देव आहे का? देव एक की दोन? एक असेल तर वाईटही त्याचंच. हे म्हणायची ज्याला भीती वाटते त्यानं कीर्तन करू नये. म्हातारे बुवा ताटावरून उठले ते तसेच निघून गेले. त्यांची भाकरी बाबांनी झाकून ठेवली आणि संध्याकाळी स्वतः खाल्ली. तेव्हा ते काही बोलले नव्हते.

"तेव्हा म्हणालास, वाईटही देवाचंच," बाबा म्हणाले. "आज म्हणतोस, नाही."

"तो प्रश्न वेगळा होता, बाबा."

"प्रश्न तोच होता. तेव्हा गाडा अजून घाटाखाली होता."

हरिहराचा चेहरा उतरला. त्याच्याजवळ उत्तरं पुष्कळ होती. त्यातलं कुठलंच त्याला त्या क्षणी तोंडात धरवेना.

"बाबा... सगुणाताई जांभळीत आहे."

"ठाऊक आहे."

"बाळाचं बारसं व्हायचंय अजून."

"तेही ठाऊक आहे."

"मग मी दुसरं काय सिद्ध करायचं होतं?"

बाबांनी त्याच्याकडे बघितलं. त्या बघण्यात राग नव्हता. उलट, वर्षभरात हा पोरगा पहिल्यांदा काहीतरी विचारतोय, असं त्यांना वाटलं असावं.

"तेच तर मी बघतोय," ते म्हणाले.

बाहेर गलका वाढला. जांभळीची पोरं शिवेपाशी आली होती. ओढ्यापलीकडून कुणीतरी शिवी दिली, अलीकडून दोन गेल्या. मग एक दगड आला. तो कुणालाच लागला नाही, गाड्यावर आदळला. बांधलेली कोंबडी केकाटली.

ऊन लिंबाच्या बुंध्यावरून वर सरकलं होतं. दिवस कलला होता.

"बाबा, एक काय ते सांगा," पाटील काकुळतीला आले. "डोकी फुटतील आता. देवानं केलं का न्हाई केलं?"

बाबा उठले. गुडघ्यावर हात टेकून, सावकाश.

"हरिहरा, पाणी आण."

हरिहरानं तांब्या भरून आणला. बोलून बोलून बाबांचा घसा सुकला असणार, असं त्याला वाटलं. बाबांनी तांब्या घेतला आणि ते दाराबाहेर पडले.

माणसं बाजूला झाली.

बाबा गाड्याजवळ गेले. वाकले. डाव्या चाकावर पाणी ओतलं. मग वळसा घालून उजव्या चाकाशी आले आणि उरलेलं पाणी तिथं ओतलं. तांब्या पालथा करून शेवटचा थेंबही झटकला.

ओढ्याचा आवाज ऐकू यायला लागला.

"बाबा, हे काय केलंत?" हरिहर म्हणाला.

"पाणी घातलं."

"आता गाडा..."

"मठाचा."

सटवाजी पुढे आला. गाड्याच्या रीतीभाती त्याच्याइतक्या कुणाला ठाऊक नव्हत्या, आणि ही गोष्ट त्याच्या कुठल्याच रीतीत बसत नव्हती.

"आवो पर बाबा, मठ म्हंजे काय गाव न्हवं. तुमी फुडं कुटं ढकलनार?"

"मठाच्या पुढं गाव नाही," बाबा म्हणाले.

त्यांनी गाड्याचा दोर खांद्यावर घेतला आणि ओढला. गाडा हलला नाही. पुन्हा ओढला. चाक किंचित वळलं आणि मागे आलं. म्हाताऱ्याचा पाय घसरला, सावरला.

आजूबाजूला एवढी तरणीताठी पोरं उभी होती. एकानंही हात लावला नाही. त्यात त्यांचा दोष नव्हता. ज्याचं पाणी पडलं, त्याच्याच माणसांनी गाड्याला हात लावायचा, बाकीच्यांनी शिवायचं नाही, अशी रीत. आणि मठाची माणसं दोनच. एक दोर ओढत होता.

दुसरा दारात आडवा उभा होता.

"बाबा, आत आणू नका."

"का?"

"रोग आत येईल."

"रोग म्हणजे वस्तूच नव्हे म्हणालास ना? नुसता अभाव."

हरिहरानं दाराची चौकट धरली.

"अभावाला भितोस, हरिहरा?"

सगळे ऐकत होते. पाटील ऐकत होते, सटवाजी ऐकत होता. ज्याला त्यानं वादात हरवलं होतं तो गवळीही काठी घेऊन त्या गर्दीत होता. काशीच्या पंडितांसमोर हरिहर कधी अडखळला नव्हता. इथं त्याला शब्द सापडायला वेळ लागला.

"भितो," तो म्हणाला.

वर्षभरातलं हे त्याचं पहिलं उत्तर, ज्याला पुरावा लागत नव्हता.

बाबांनी दोराचं दुसरं टोक त्याच्यापुढे धरलं.

"मीही भितो. धर."

...

हरिहरानं दोर धरला.

गाडा जड होता. इतका जड असेल असं त्याला वाटलं नव्हतं. दारातून आत घेताना एक चाक उंबऱ्यावर अडलं, तेव्हा त्याला खांदा लावावा लागला. हिरव्या लुगड्याचा पदर त्याच्या तोंडावर आला. त्यानं डोळे मिटले, पण खांदा काढला नाही.

गाडा अंगणात आला.

बाहेर पोरांनी काठ्या खाली घेतल्या. भांडायला आता काही उरलं नव्हतं, आणि हे कळल्यावर ती थोडी हिरमुसलीसुद्धा. पाटील दाराशी आले. आत पाऊल टाकायचं धाडस त्यांना झालं नाही. आपण काय केलं आणि काय करायचं टाळलं, हे त्यांच्या ध्यानात येत होतं. त्यांनी बाहेरूनच हात जोडले.

"शास्त्रीबुवा, सगुणाला काय सांगू?"

"बारसं कधी धरलंय?"

"येत्या सोमवारी." पाटील घुटमळले. "पर आता तुमाला येता याचं न्हाई. गाडा ज्याच्या घरी, त्यानं साथ सरंस्तवर गावात यायचं नसतं."

हे हरिहराच्या ध्यानातच आलं नव्हतं. दोर हातात घेताना कुणाच्याच ध्यानात काही येत नसतं.

बाळ कुणासारखं आहे, हेसुद्धा त्याला कळलेलं नव्हतं.

"नाव काय ठेवलं तेवढं शिवेवरून ओरडून सांगा," तो म्हणाला. "मी इथं ऐकीन."

पाटील गेले. जाताना वहाणा हातातच घेऊन गेले.

बाबा आणि हरिहर गाडा रिकामा करायला लागले. वरचा दहीभात कधीच नासला होता. त्याखाली फडकी निघाली. लुगडी, मुंडाशी, वाकळांचे तुकडे, एक झबलं. गेलेल्या माणसांच्या अंगावरची, आजाऱ्यांच्या अंथरुणातली. घाटाखालच्या पहिल्या गावापासून उंबरवाडीपर्यंत ज्यानं त्यानं आपापल्या घरातलं आणून त्यात कोंबलं होतं.

झबलं हातात आल्यावर हरिहर थांबला.

"बाबा, सुतारानं दिला तेव्हा गाडा एवढा जड नसेल."

"नसेल."

"मग एवढं..."

"फडकी धुनीत घाल," बाबा म्हणाले.

"धुनीत? धुनी पवित्र आहे, बाबा."

"आग आहे ना?"

हरिहरानं फडकी धुनीत घातली. झबलं शेवटी. धूर बराच वेळ अंगणात राहिला. मग बाबांनी हंडा चुलीवर चढवला, आणि दोघांनी राख लावून कढत पाण्यानं हात कोपरापर्यंत चोळून धुतले. बाबांनी कोंबडीच्या पायांची दोरी सोडली. ती थोडा वेळ तशीच पडून राहिली, पाय मोकळे झाल्याचं तिला पटत नव्हतं. मग उठली आणि सुपाजवळ जाऊन बाजूला काढलेल्या खड्यांत चोच मारू लागली.

राहता राहिली मरीआई.

हरिहरानं तिच्याकडे तोवर नीट बघितलं नव्हतं. चेहऱ्यावर कुंकवाचे थर होते. डोळे मोठे, लाल. कुण्या गावानं तिला दात रंगवले होते, पुढच्या गावानं ते लांब केले होते आणि त्याच्याही पुढच्या गावानं जीभ लावून दिली होती.

बाबांनी फडकं ओलं करून तिचं तोंड पुसलं. लेकराचं पुसतात तसं, कानामागूनसुद्धा. रंग निघाला. खाली सुतारानं कोरलेला बाईचा साधा चेहरा होता. नाक जरासं वाकडं.

"कुठं ठेवायची हिला?" हरिहरानं विचारलं.

"आत. महादेवाशेजारी."

"रोगाची देवी आहे, बाबा. महादेवाशेजारी?"

बाबा मूर्ती दोन्ही हातांत घेऊन उभे होते.

"दमली असेल रे. कुठल्याच गावानं तिला बसू दिलं नाही."

त्यांनी ती आत नेऊन ठेवली. समईत तेल घातलं. समई महादेव आणि मरीआई यांच्यामध्ये होती, ती बाबांनी कुठेच सरकवली नाही.

बाहेर दिवस मावळला. ओढ्यापलीकडे आणि अलीकडे दोन्ही गावांत चुली पेटल्याचा धूर दिसत होता. उंबरवाडीचा जरा विरळ.

मठाचं दार संध्याकाळी लावून घ्यायचं काम हरिहराचं. तो दाराशी गेला. एक फळी ओढली, दुसरी ओढली. भिंतीला टेकवलेला जाडजूड अडसर त्यानं उचलला आणि तसाच हातात धरून उभा राहिला.

"बाबा, एक विचारू? वाद घालायचा नाही."

"विचार."

"खरं ऐकायचंय. मला, स्वतःला. हे सगळं... खरोखरच त्यानं केलं असेल तर?"

ओट्यावरून थोडा वेळ नुसता डाळ पाखडल्याचा आवाज आला.

"मग त्याचं त्याच्या घरी आलं," बाबा म्हणाले.

हरिहरानं यावर विचार केला. हे उत्तर तर्काला धरून होतं. त्याला ते तपासावंसं वाटलं, आणि मग तपासावंसं वाटेना. पण एवढ्यानं प्रश्न अर्धाच सुटत होता. दुसरा अर्धा अजून त्याच्या घशात होता.

फळ्यांच्या फटीतून त्याला ओढ्याकडची वाट दिसत होती. वाटेवरून कुणीतरी येत होतं. एकटंच, काठी टेकत. जवळ आल्यावर ओळखू आलं. सटवाजी गुरव. काखेत लहानसं गाठोडं.

तो दारापुढे येऊन थांबला. हाक मारली नाही.

"काय रे सटवाजी?" बाबांनी आतूनच विचारलं.

सटवाजीनं गाठोडं काखेतून काढून हातात घेतलं.

"सुनंचं लुगडं हाय," सटवाजी म्हणाला. "मंगळवारी गेली. गाड्यात समद्यांनी घातलं, मला घालवंना. दुसऱ्याच्या शिवंत कसं टाकायचं तिचं..." तो थांबला. "हितं चालंल का, इचारायला आलो."

हरिहराच्या हातात अडसर तसाच होता. बाहेर सटवाजी होता, मागे बाबा होते, आणि मधे तो. ज्याच्या गावानं हा गाडा त्याच्या बहिणीच्या दाराकडे ढकलला होता, तोच हा माणूस.

त्यानं मागे वळून बघितलं. आवाज एकदम हळू झाला होता.

"आणि त्यानं केलं नसेल तर, बाबा?"

बाबांनी सूप खाली ठेवलं.

"अडसर ठेव खाली," ते म्हणाले. "त्यानं केलं नसेल, तरी दार त्याचंच आहे."